घरटी साडेपाच हजार

डोंबिवलीत नेट कसं घेतलं ते मला धड आठवतही नाही, कारण लक्षात राहावं असं त्यात काही घडलंच नाही. दाराच्या कडीत कुणीतरी कागद खोचून गेलं होतं. त्यावरच्या नंबरावर फोन केला, दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली, जिन्यातल्या पेटीतून वायर ओढली आणि पाऊण तासात चहा पिऊन गेली. महिना ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. वेग १०० एमबीपीएस. मध्यंतरी ते नीट चालेना, तेव्हा मी दुसऱ्या कंपनीला नुसता भाव विचारला, तर पहिल्याने घाईघाईने मोडेम बदलून दिला. आमच्या मजल्यावर तीन कंपन्या वायर टाकायला तयार होत्या. ही श्रीमंती आहे हे तेव्हा सुचलं नव्हतं.

जून २०२३ मध्ये सासूबाई पडवीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीत ऑपरेशन झालं, त्यांना घरी आणलं. नवऱ्याची नोकरी रोज हजेरी लावायची, माझी लॅपटॉपवरची. त्यामुळे गावी कुणी राहायचं यावर चर्चा झाली नाही. मी एका सीएच्या ऑफिसात अकरा दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रं भरते. साहेब म्हणाले, "कुठूनही करा, फक्त तारखा चुकवू नका." तारखा म्हणजे दर महिन्याची ११ आणि २०. २० चुकली की दिवसाला ५० रुपये दंड, आणि दुकानदार तो माझ्या नावाने घरभर सांगतो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. वाडी डोंगराच्या पोटात, वरती जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार. घरात रेंज शून्य. खळ्याच्या कडेला फणसाखाली उभं राहिलं तर एक काडी, तीही वारा सुटला की जाते. सड्यावर मात्र चार. म्हणून वाडीतला प्रत्येक महत्त्वाचा फोन सड्यावर होतो. लग्नं तिथे ठरतात आणि मयताची बातमी तिथूनच खाली येते. रेशन दुकानदारही अंगठ्याचं मशीन घेऊन सड्यावर जाऊन बसतो, लोक पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून अंगठा द्यायचे आणि उतरून धान्य घ्यायचे. मी जुलैचं काम तिथेच केलं. एका हातात छत्री, लॅपटॉपला भाताच्या रोपांवरचा प्लास्टिकचा कागद, नेट मोबाइलचं. ते दिवसाला दोन जीबीच, आणि धुकं दाटलं की चारच्या दोन काड्या. वीस तारखेला पाऊस एवढा की सड्यावर उभं राहणं शक्य नव्हतं. राजापूर गाठावं तर अर्जुना नदीचं पाणी जवाहर चौकात आलं की बाजारच बंद असतो. त्या महिन्यात दोन दुकानदारांचा दंड मी माझ्या पगारातून भरला.

मोबाइल असताना घरात वेगळं नेट कशाला, असं शहरातले लोक विचारतात. २०१६ नंतर मोबाइलचं नेट आपल्याकडे खरोखर स्वस्त झालं, त्यात वाद नाही. पण ते टॉवर दिसेल तिथे स्वस्त. टॉवर डोंगराआड गेला की त्याची किंमत पाखाडीच्या पायऱ्यांत मोजावी लागते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, इंटरनेटची सोय असलेली घरं शहरात ४२ टक्के आणि खेड्यात १४.९ टक्के निघाली होती. त्या मोजणीत मोबाइलवरचं नेटही धरलेलं होतं. त्यानंतर आकडे वाढलेच असणार. मात्र आमच्या घराची नोंद कुणी केली असती तर सोय 'आहे' अशीच झाली असती, सड्यासकट.

मग मी वायरीच्या मागे लागले. एका कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला, हिरवी खूण आली: 'अभिनंदन, तुमच्या भागात सेवा उपलब्ध.' आमच्या पिनकोडात पंधराएक गावं आहेत. सेवा त्यातल्या एका बाजारपेठेत होती, आमच्यापासून चार किलोमीटरवर. हे कळायला सहा फोन आणि पाच आठवडे गेले, कारण प्रत्येक फोनवरची मुलगी हिरवी खूण बघूनच बोलत होती. दुसऱ्या एका कंपनीचे दोघे छपरावर बसवायचा बिनतारी डबा घेऊन आले. छपरावर चढले, मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि उतरले. सासूबाईंनी त्यांना कोकम सरबत दिलं. "आजी, डोंगर हलवला तर येईल," असं म्हणून गेले.

ग्रामपंचायतीत फायबर आलेलं आहे हे मला माहीत होतं. गावाच्या फलकावरच तसं लिहिलेलं आहे. सरपंचबाईंना विचारलं, आमच्या वाडीपर्यंत ते का येत नाही? त्यांनाही सांगता येईना, म्हणून मीच शोधलं. ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. उद्दिष्ट होतं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं. ग्रामपंचायती, म्हणजे कार्यालयं. तिथून पुढे घराघरांत न्यायचं काम कुणीतरी धंदा म्हणून करील असं धरलेलं होतं. आता धंदेवाला हिशोब करणार, आणि कोकणातल्या वाड्या काही चाळीसारख्या एका जिन्याभोवती नसतात. चार घरं इथे, मध्ये पऱ्ह्या (ओढा), मग सहा घरं तिथे. खाली जांभा, चर खणायचा तर पहार परत येते. ऑगस्ट २०२३ मध्ये, मी पिनकोडाशी झुंजत होते तेव्हाच, केंद्राने सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, आणि त्यात पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत जोडण्या देण्याचं लक्ष्य आहे. ती बातमीही मी सड्यावरच वाचली.

शेवटी बाजारपेठेतला केबलवाला दादा उपयोगी पडला. त्याने एका कंपनीची एजन्सी घेतलेली, फायबर त्याच्या दुकानापर्यंत आलेलं, आणि त्याची एक वायर आमच्या फाट्यावरच्या पेटीत होती. पेटीपासून वाडी १,४२० मीटर.

"एका घरासाठी नाय परवडत वहिनी," तो म्हणाला. "सात-आठ घरं जमवा. वायरचा नि खांबांचा खर्च तुमचा. मग मी लावतो."

म्हणजे डोंबिवलीत फुकट मिळालेली गोष्ट इथे आधी आपण बांधायची आणि मग तिचं भाडंही भरायचं. मी हो म्हणाले. हिशोब मांडणं हा माझा धंदाच आहे.

वाडीत २३ घरं, त्यातली नऊ बंद. सात जमवायला तीन महिने लागले. आमचं, गुरुजींचं, अंगणवाडी सेविकेचं (तिला रोजची हजेरी आणि मुलांची वजनं ॲपवर भरावी लागतात), निवृत्त एसटी चालकांचं (मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो), एका बागायतदाराचं आणि दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या एका जोडप्याचं. सातवं घर विरारला असलेल्या चाकरमान्याचं. ते वर्षातून गणपतीत आणि शिमग्यात उघडतं. त्याने फोनवर एका मिनिटात होकार दिला आणि पैसेही लगेच पाठवले. त्याला बंद घरावर सीसीटीव्ही लावायचा होता.

सगळं जमत आलं आणि वायर अडली ती भाऊबंदकीत. सरळ रस्ता आमच्या चुलत सासऱ्यांच्या कलमांवरून जात होता. त्यांच्याशी बांधाचा दावा आमच्या लग्नाच्या आधीपासून राजापूर कोर्टात आहे. गुरुजी मध्यस्थी करायला गेले. "आमच्या आंब्यावरसून वायर जायची नाय," एवढं उत्तर घेऊन परत आले. कंपन्यांना सरकारी जागेतून केबल न्यायला परवानगी कशी मिळावी याचे केंद्राचे नियम आहेत, ते १ जानेवारी २०२५ पासून नव्याने लागूही झाले. चुलत सासऱ्यांच्या हापूसपुढे आम्हाला त्यांचा काही उपयोग नव्हता. आम्ही गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, वळसा घातला, १८० मीटर वाढले. १,४२० चे १,६०० झाले.

आता मी मांडलेल्या हिशोबाचा कागद. तो अजून माझ्याकडे आहे. केबल १,६०० मीटर, ११ रुपयांनी १७,६००. लोखंडी पाइपचे खांब १४, ९०० रुपयांनी १२,६००. बाकी ठिकाणी खांबांऐवजी पोफळी आणि आईनाची झाडं. पेटी, आठ तोंडांचा स्प्लिटर (एका वायरीचे आठ वाटे करणारा), मजुरी मिळून ८,३००. एकूण ३८,५००, भागिले सात, घरटी साडेपाच हजार. मोडेमची १,५०० अनामत वेगळी.

दादाने तेव्हा दोन प्रकारची केबल दाखवली होती. एक कोअरची, म्हणजे आत काचेचा एकच धागा, मीटरला ११. दोन कोअरची १४. "दोन कोअरची घ्या, पुढे कुणाला हवं झालं तर बरं," असं त्याने सुचवलं. मी जागच्या जागी हिशोब केला: ४,८०० रुपये जास्त, घरटी ६८६. गुरुजी कुरकुरतील, अंगणवाडीवाली मागे हटेल, सातची सहा झाली तर सगळंच कोसळेल. शिवाय वर सड्याच्या अंगाला आमच्या गावाची धनगरवाडी आहे, सहा घरं, तिथे तीन मुलं कॉलेजात जातात. ती आमच्या पेटीपासून पुढे ९०० मीटर. त्यांना यादीत धरलं तर खर्च सगळ्यांचाच वाढत होता. मी त्यांना विचारायलाही गेले नाही. एक कोअरची घेऊ म्हटलं. हे माझं मलाच सुचलेलं होतं, कुणी सांगितलेलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वायर आली. दोन दिवस वाडीत जत्रा होती. खांबांचे खड्डे आम्हीच खणले, चालककाकांनी सत्तरीत पहार चालवली. जोडणी करणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा. खळ्यात पोतं अंथरून बसला, केसासारखा काचेचा धागा सोलला, स्पिरिटने पुसला, कापला आणि पेटीएवढ्या यंत्रात ठेवला. आत ठिणगी पडते आणि दोन टोकं वितळून एक होतात. "फुंकर नको मारू रे," तो जमलेल्या पोरांना सारखा सांगत होता. मग वायरीच्या टोकाला मीटर लावून आकडा वाचला, उणे २२.

मला उणे आकडा दिसला की तोटाच दिसतो, म्हणून विचारलं. तो म्हणाला, हा प्रकाशाचा आकडा आहे, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे २७ पर्यंत मोडेम ओळखतं, त्याखाली लाल दिवा. प्रकाश अंतरामुळे फारसा घटत नाही, वाटण्यामुळे घटतो. एका वायरीचे आठ वाटे केले की दहाएक आकडे जातात. हे वाक्य त्या दिवशी मी नुसतं ऐकून घेतलं.

मोडेमचा हिरवा दिवा लागला तेव्हा सासूबाई काठी टेकत ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "अगो, मग आता तू सड्यावर नाय जायची?" त्या रात्री नऊ वाजता, पंख्याखाली बसून, मी जानेवारीची तीन विवरणपत्रं पाठवली.

वेग ६० एमबीपीएसचा, भाडं ५९९ अधिक जीएसटी, म्हणजे ७०७. डोंबिवलीत १०० ला ४९९. एमबीपीएसमागे तिथे पाच रुपये, इथे दहा. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ होती, म्हणजे महिन्याचं नेट हे एका माणसाच्या दोन दिवसांहून जास्त घामाचं. ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येत मात्र आम्ही डौलात बसतो. ती २०२३ च्या सुरुवातीला ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली.

पहिल्या पावसाने हिशोब पुन्हा मांडायला लावला. लाईट गेली की मोडेम बंद, हे समजू शकते. त्याला १,२०० रुपयांची छोटी बॅटरी घेतली. पण लाईट बाजारपेठेतही जाते आणि दादाच्या दुकानातली बॅटरी चार तास चालते. पाचव्या तासाला माझा मोडेम मजेत सुरू आणि आत नेट नाही. मग जुलैत आईनाची फांदी पडली. ती काढली तर वांदरांनी पोफळीवरची वायर झोपाळ्यासारखी वापरली. लाल दिवा, अकरा दिवस. दादा म्हणे जोडणारा मुलगा चिपळूणला गेलाय. कंपनीच्या नंबरावर तक्रार केली, क्रमांक मिळाला, आणि '४८ तासांत निवारण' असा एसएमएस आला तो सड्यावर गेल्यावर वाचला. पाचव्या दिवशी तक्रार 'ग्राहकाच्या संमतीने बंद' झाली. संमती कुणी दिली ते मला कळलं नाही.

इथे एक सांगते, कुणाला उपयोगी पडेल. दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रारीची दुसरी पायरी ठेवावीच लागते, अपील प्राधिकरण म्हणून. पहिल्या तक्रारीचा क्रमांक देऊन तिथे अर्ज करायचा, फी नाही. नियामक स्वतः एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही. मी सड्यावर बसून अर्ज केला, लाल दिव्याचे तारखेसकट फोटो जोडले. जोडणारा मुलगा त्याच आठवड्यात चिपळूणहून परत आला, आणि पुढच्या बिलात अकरा दिवसांचे पैसे वजा झाले. बाकी सहा घरांचे झाले नाहीत. त्यांनी अर्ज केला नव्हता, आणि मी त्यांच्या वतीने करू शकते का हे तेव्हा मी पाहिलंही नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीची ई-केवायसी सुरू झाली, आमच्या वाडीत ती ऑक्टोबरात पोचली. वाडीत वायफाय कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक. एका रविवारी सकाळी माझ्या ओटीवर चौदा बायका, त्यातल्या पाच धनगरवाडीच्या, दीड तास उतरून आलेल्या दिसत होत्या इतक्या दमलेल्या. उतरण खरं तर अर्ध्या तासाची, पण एकीच्या कडेवर मूल आणि एकीचे गुडघे गेलेले. अर्ज वायफायवर झरझर उघडला. आधार क्रमांक टाकला. पुढे ओटीपी. ओटीपी एसएमएसने येतो, आणि बटणांच्या मोबाइलला माझ्या वायफायचा काही उपयोग नाही. त्याला रेंज लागते. रेंज सड्यावर.

मग व्यवस्था बसवली. चुलत सासऱ्यांचा नातू, तोच ज्याच्या आजोबांनी वायर अडवली, आमच्या गडग्यापलीकडे बसून रोज आमचं वायफाय वापरतो. पासवर्ड मीच दिलाय, घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्याला पिशवीत सगळे मोबाइल देऊन सड्यावर पाठवलं, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव. पाखाडीच्या मध्यावर चालककाकांचा मुलगा, खाली मी. मी इथून हाक दिली, "भागीमावशी!" की खालचं बटण दाबायचं, वरून आकडे ओरडत यायचे, मधला पुन्हा ओरडायचा. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो, तेवढ्यात सहा आकडे डोंगर उतरायचे. एकदा 'सात' चा 'साठ' झाला आणि सगळं पहिल्यापासून. मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा दुसरा ओटीपी. तो कुणाचा मुंबईला, कुणाचा बंद पडलेल्या नंबरावर. संध्याकाळपर्यंत चौदातल्या नऊ जणी झाल्या.

जाताना धनगरवाडीच्या एका मुलीने, ती राजापूरला कॉलेजात आहे, मला विचारलं, "काकी, आमच्याकडे वायर यायला किती खर्च येईल?" दीड वर्षात हे मी एकदाही मांडलं नव्हतं.

त्याच रात्री मांडलं. आमच्या आठ तोंडांच्या स्प्लिटरवर एक तोंड रिकामं आहे, तिथे प्रकाश उणे २२. त्यापुढे चार वाटे केले तर आणखी सात आकडे जातात, उणे २९, म्हणजे लाल दिवा. दोनच वाटे केले तर उणे साडेपंचवीस, चालेल. म्हणजे सहापैकी दोन घरं, आणि त्यांना ९,९०० ची केबल, ७,२०० चे खांब, किरकोळ २,१००, घरटी ९,६००. सहाही घरं जोडायची तर फाट्यापासून नवी केबल हवी, २,५०० मीटर, या वेळी दोन कोअरची, १४ रुपयांनी ३५,०००. जुने खांब चालतील, नवे आठ. पेटी-मजुरी धरून ४९,०००. घरटी ८,१६७, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ च्या दराने सव्वीस दिवसांची रोजगार हमी. दोन कोअरची केबल तेव्हाच टाकली असती तर त्यांना फक्त पुढचे ९०० मीटर लागले असते. ते ४,८०० रुपये मी वाचवले होते.

कागद गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "सहाने कशाला भागतेस? तेराने भाग." तेराने भागलं तर घरटी ३,७६९ येतात. आमच्या सात घरांना विचारायला सुरुवात केली. अंगणवाडीवाली लगेच हो म्हणाली, चालककाकाही. बागायतदार आंब्याचा सीझन बघू म्हणतो. विरारवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, माझा सीसीटीव्ही चालू आहे ना? मग?"

तो शिमग्याला येतोय. गुरुजी म्हणाले, पालखी त्याच्या खळ्यात नाचली की विषय काढू.